बरगड्या मोजा

अंकाच्या संपादक काकूंनी फोनवर दोन अटी घातल्या. एक, घोषणा नकोत. दोन, दिवाळीचा अंक आहे, वाचून कुणाच्या तोंडची चकली कडू व्हायला नको. पहिली अट पाळते. दुसरीची हमी देता येत नाही. ज्या कामाबद्दल त्यांनी लिहायला सांगितलंय, त्या कामात माझ्या हातून एक खोटी गोष्ट घडली आणि ती छापून मी हातोहात वाटली. ती वगळून लिहायचं तर लिहू काय, चित्रकलेचे फायदे?

मी प्राण्यांसाठी काम करणाऱ्या एका छोट्या संघटनेची पत्रकं लिहिते. कोलकात्यातल्या मराठी मंडळाच्या गणपतीत मला मागून ‘मोर्चेवाली’ म्हणतात, ते मला ऐकू येतं. बाबा बँकेच्या बदलीवर नागपूरहून कोलकात्यात आले आणि निवृत्त झाल्यावरही सॉल्ट लेकलाच राहिले. मी इथेच वाढले. मराठी घरात शिकले, बंगाली शाळेत, हिंदी बसमध्ये, आणि इंग्रजी सेक्टर फाइव्हच्या ऑफिसात वापरली, जिथे मी जेमतेम दीड वर्ष टिकले. त्यानंतर सात वर्षं पत्रकं. बाबा ह्याला नोकरी म्हणत नाहीत. आई म्हणते, पण तिचा आवाज खाली जातो.

पत्रक म्हणजे काय, ते न वाटणाऱ्याला कळत नाही. त्याचं आयुष्य दहा-बारा पावलांचं असतं. माणूस हात पुढे करतो, कागद घेतो, चालता चालता एकदा बघतो आणि घडी घालून लाँचमधलं बाकडं पुसतो. तेवढ्या पावलांत त्याला थांबवायचं. म्हणून एक चित्र, एक मथळा, एक मागणी. मथळा आज्ञार्थी हवा. माणसाला हुकूम केला की तो आधी चिडतो आणि मग वाचतो. बाबूघाटाच्या जेट्टीवर एक आजोबा रोज माझं पत्रक घ्यायचे, उभ्या उभ्या लाल पेनने बंगालीतल्या चुका काढायचे आणि परत द्यायचे. मागणी काय आहे, हे त्यांनी एकदाही वाचलं नाही. एक बाई नेहमी दहा मागायच्या. मला वाटलं वाटत असतील. विचारलं तर म्हणाल्या, “मागची बाजू कोरी असते ना.” आणि आमचे सगळ्यांत पक्के वितरक म्हणजे कोपऱ्यावरचे झालमुडीवाले, इथले भेळवाले, काका. ते आमच्या पत्रकांचे पुडे करायचे. एकदा आम्ही जरा बरा, गुळगुळीत कागद वापरला, तर त्यांनी मला हाक मारून झापलं, “असला कागद देत जाऊ नकोस, मोहरीचं तेल धरत नाही तो.”

हे झालं कामाचं हसू. आता चूक.

कोलकात्याच्या मैदानाच्या कडेने पर्यटकांना फिरवणाऱ्या सजवलेल्या बग्ग्या तुम्ही पाहिल्या असतील. पाहुणे आले की आपणच त्यांना बसवतो त्यात. ह्या बग्ग्या बंद कराव्यात आणि चालवणाऱ्यांना दुसरं काम द्यावं, ही आमची मागणी. वैशाखातल्या डांबरावर अनवाणी उभं राहून बघा, म्हणजे ती का आहे ते कळेल. ही मागणी मला तेव्हा बरोबर वाटत होती, आजही वाटते. पुढचं सगळं वाचल्यावरही वाटतेच, हे आधीच सांगून ठेवते.

एका हिवाळ्यातल्या संध्याकाळी मी मैदानाच्या बाजूने, कुंपणाच्या लोखंडी गजांमधून फोन धरून एक फोटो काढला. बग्गी सोडून ठेवलेली. पांढरी घोडी. शेजारी तिचा मालक, तिच्या मानेवर हात ठेवून उभा. आणि घोडीच्या कुशीवर एकाखाली एक नव्हे, एकाशेजारी एक अशा काळसर रेघा. मी हरखले. हो, हरखले. पत्रक लिहिणाऱ्याला उपाशी जनावर दिसलं की आधी वाईट वाटत नाही, आधी मथळा सुचतो. घरी येऊन संगणकावर काळं-पांढरं गडद केलं. पत्रकाच्या मापात बसेना म्हणून खालचा भाग, म्हणजे माणसाचे पाय, कापला. वर तीन भाषांत दोन शब्द: बरगड्या मोजा.

ते पत्रक चाललं. लोक थांबायचे आणि खरंच बोट ठेवून मोजायचे. लाल पेनवाल्या आजोबांनीसुद्धा पेन खिशात ठेवलं. फोनवर फिरलं. तक्रारी झाल्या आणि चैत्रात ती घोडी आमच्या संघटनेच्या निवाऱ्यात आणली गेली. हा निवारा बजबजच्या पुढे आहे. जागा लहान. मोठी जनावरं तिथे फार दिवस ठेवता येत नाहीत, म्हणून दुर्गापूजा झाली की त्यांना ट्रकने दुसऱ्या राज्यातल्या एका शेतावर कायमचं पाठवायचं, अशी आमची रीत. घोडीचं नाव यादीत चढलं. आम्ही ऑफिसात समोसे मागवले.

आमच्या प्रमुख दीप्तीदी. जिद्दीची बाई आहे, तिच्यामुळे मी ह्या कामात आले. ती म्हणाली, “थंडीत आपण प्रदर्शन भरवू. हाच फोटो घे, पण कागदावर नको. कागदासमोरून लोक चालत जातात. तैलचित्रासमोर उभे राहतात. चार फुटांचं कर.”

“मला तेलरंग येत नाहीत.”

“मग शीक. सहा महिने आहेत.”

अशी मी हावड्याला पोचले.

मास्टरमोशाय, म्हणजे बंगालीत मास्तर, चाळीस वर्षं फोटोवरून तैलचित्रं करून देत होते. लोकांचे वडील, लोकांच्या सासवा, कुणाचा अल्सेशियन, कुणाची गाय. आता ते काम संपलं, फोटो मोठा करून छापून मिळतो. त्यांची खोली एका लेथच्या कारखान्याच्या वर आहे. खाली मशीन सुरू झालं की वर टर्पेंटाइनच्या बाटलीत लाटा उठतात. मी म्हटलं, इथे हात कसा स्थिर राहणार? तर म्हणाले, “इथे राहिला तर कुठेही राहील, मा.” बंगालीत मुलीला ‘मा’ म्हणूनच हाक मारतात. मला त्यांनी पहिल्या दिवसापासून तसं म्हटलं आणि पहिल्या दिवसापासून झाडू हातात दिला.

मी त्यांना पत्रक दाखवलं. त्यांनी ते हातभर लांब धरलं. वाचलं नाही, नुसतं बघितलं.

“हे चालेल. माणूस आणि त्याचं जनावर. लोक सफरचंद रंगवायला शिकवतात. चाळीस वर्षांत माझ्याकडे सफरचंद मागायला कुणी आलं नाही. असं एक चित्र पुरं केलंस की सगळं आलं. कातडी, केस, कापड, चामडं, लोखंड. आणि दोन जातींचे डोळे. पण मला हे पत्रक नको. मूळ फोटो आण, न कापलेला.”

“त्यात फार काही नाहीये. पाय आहेत नुसते.”

“पाय रंगवायचे नाहीत का तुला?”

आता ज्यांनी कधी कॅनव्हास पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडं. तेलरंग म्हणजे रंगाची पूड आणि जवसाचं तेल. ते वाळत नाहीत, मुरतात. कोलकात्याच्या आषाढात तर मुरायलाही तयार नसतात. सोमवारी लावलेला रंग शनिवारी बोटाला लागतो आणि पाठीमागून कापडाला बुरशी धरते. म्हणून घाई करणाऱ्याने ह्या वाटेला जाऊ नये. आधी चौकटीवर कापड ताणायचं, त्यावर सरस आणि खडूच्या पुडीचा लेप. मग टर्पेंटाइनने पातळ केलेल्या तपकिरी रंगाचा हात, म्हणजे पांढऱ्या कापडाची भीती जाते. मग फोटोवर आणि कॅनव्हासवर सारख्याच चौकोनांची जाळी. मग तपकिरीतच सगळा उजेड-अंधार मांडायचा आणि त्यानंतर रंग. खालचे थर पातळ, वरचे तेलकट. उलटं केलंत तर वर्षभरात चित्राला भेगा.

आणि मास्टरमोशायांची खास पद्धत. फोटो आणि कॅनव्हास दोन्ही उलटे टांगायचे, डोकं खाली पाय वर. फोटोवर एक काळा पुठ्ठा, त्याला एकाच चौकोनाएवढी खिडकी. खिडकीत दिसेल तेवढंच रंगवायचं. तो घोड्याचा कान आहे की माणसाची कोपर, हे विचारायचं नाही.

“का?” मी विचारलं.

“कारण कान आहे हे कळलं की तू कान काढशील. तिथे जे आहे ते काढणार नाहीस.”

मला हे अजिबात पटलं नाही. माझा सगळा धंदा उलटा. माणसाने एका नजरेत काय ते ओळखावं म्हणून मी जन्म घालवतेय, आणि हे म्हणतात ओळखूच नकोस. पण आठवड्यातून तीन दिवस बाबूघाटावरून लाँच पकडायची, कारखान्याचा जिना चढायचा आणि एक चौकोन करून परत यायचं. कधी अर्धा. घोडीच्या एका नाकपुडीला मला नऊ दिवस लागले. तिथे एकही रेघ नसते, नुसता एक ओला गुलाबी-करडा अंधार असतो. ती नाकपुडी जमली त्या दिवशी मी लाँचमध्ये अनोळखी बाईला सांगितलं. तिने सरकून जागा दिली, एवढंच.

कुशीचे चौकोन आले तेव्हा मी फसवणूक केली. फोटोत ते अंधुक होतं. पत्रकात कसं ठणठणीत दिसत होतं! मी पत्रक बाजूला टाचलं, पुठ्ठा काढला आणि बरगड्या काढल्या. अशा काढल्या की बघणाऱ्याने बोट ठेवून मोजाव्यात. वर गोल, खाली वळलेल्या, मधे खोल खळगे.

मास्टरमोशाय चहाचं मातीचं भांडं घेऊन मागे उभे राहिले.

“ह्या वाकड्या का?”

“बरगड्या वाकड्याच असतात.”

“फोटोत सरळ आहेत.”

“मास्टरमोशाय, मी ह्या विषयात सहा वर्षं काम करतेय. उपाशी जनावराची बरगडी कशी असते ते मला माहीत आहे.”

“ते आहेच. तुला फार माहीत आहे.” त्यांनी पॅलेट नाईफ माझ्या हातात दिला. “खरवड.”

मी खरवडलं नाही. दोन आठवडे भांडले. त्यांच्या पिढीला दुःख सुंदर करून भिंतीवर टांगायची सवय आहे, असंही बोलले. ते चहा पीत राहिले. शेवटी म्हणाले, “बरं, राहू दे. उरलेले चौकोन कर. पण पुठ्ठा लावून. आणि ते पत्रक माझ्या भिंतीवरून काढ.”

उरलेले म्हणजे पत्रकात कापलेले. भाद्रपद लागला होता. मी चिडून, दात-ओठ खाऊन, खिडकीत दिसेल ते तसंच्या तसं उतरवत गेले. फिकट, गडद, फिकट, गडद. काय आहे ते विचारलं नाही, कारण बोलणंच बंद होतं. सहा चौकोन झाल्यावर त्यांनी पुठ्ठा काढला, कॅनव्हास सुलटा केला आणि खुर्चीत जाऊन बसले.

चित्राच्या खालच्या भागात माणसाचा पांढरा पायजमा होता. त्यावर काळसर उभे पट्टे. घोडीच्या कुशीवर होते तेवढ्याच अंतरावर, तेवढ्याच रुंदीचे. पलीकडे बग्गीच्या चाकावरही तेच.

“मा,” मास्टरमोशाय म्हणाले, “पायजम्यालाही बरगड्या असतात?”

मी हसले. खरंच हसू आलं. मग माझं लक्ष मूळ फोटोकडे गेलं आणि हसू तिथेच थांबलं. मास्टरमोशाय मात्र थांबले नाहीत. “उजेड डावीकडून आहे. बघ, माणसाच्या नाकाची सावली उजवीकडे पडलीय. पोटातून वर आलेल्या हाडांची सावली अशी कशी पडेल? हे हाड नाही. उन्हाच्या आणि त्यांच्यामध्ये काहीतरी उभं होतं.”

काय उभं होतं, हे सांगायला कुणाची गरज नव्हती. मी त्यातूनच हात घालून फोटो काढला होता.

तरी मी बघायला गेले. दुसऱ्या दिवशी, ऊन कलल्यावर. कुंपण तिथेच होतं. बग्गी जिथे उभी होती तिथे मी उभी राहिले आणि माझ्या कुर्त्यावर छातीपासून गुडघ्यापर्यंत काळे पट्टे पडले. गेल्या दोन महिन्यांत माझं वजन वाढलं होतं, आई रोज ऐकवत होती. आणि माझ्याही बरगड्या मोजता येत होत्या.

स्वतःला सोडवायचा एक रस्ता उरला होता. रेघा सावलीच्या असतील, पण घोडी तशीही रोडच असेल. मी सियालदाहून बजबजची गाडी पकडली. निवाऱ्याच्या टेबलावर फाईल होती. घोडी आली त्या दिवशीची आमच्याच डॉक्टरांची नोंद: प्रकृती चांगली, उजव्या मागच्या पायाची नाल सैल. पाच महिने ती फाईल तिथे होती. मी ती उघडली नव्हती. मथळा आधीच छापून झाला होता ना.

मग मागे गेले. घोडी पत्र्याखाली भिंतीकडे तोंड करून उभी होती. गवत पुढ्यात तसंच. राखणदार म्हणाला, “खाते, पण मनापासून नाही.” कुंपण नव्हतं, ऊन नव्हतं, सावली नव्हती. मी बरगड्या मोजल्या, ह्या वेळी खऱ्या. एका बाजूच्या सात.

हे मी लिहितेय, कारण हे दुसऱ्या कुणी केलं नाही. आम्ही केलं. चांगलं करायच्या हौसेने केलं.

बाहेर पडताना फाटकाशी एक माणूस बसलेला दिसला. पायजमा ओळखीचा होता. सहा चौकोन रंगवला होता मी तो. मांडीवर तोबरा, म्हणजे घोड्याच्या तोंडाला बांधायची दाण्याची पिशवी, आणि हातात तिचं अंग घासायचा खरारा. जुन्या मालकाला आत सोडायचं नाही, जनावर अस्वस्थ होतं, हा आमचा नियम. तो पत्रकातून मीच लोकांना समजावून सांगितलाय. राखणदाराने सांगितलं, हे इद्रिसभाई, दर आठवड्याला येतात आणि फाटकाबाहेर बसून परत जातात.

“आप वही पर्चेवाली दीदी हैं ना?”

“हो. हाँ.”

“देखा था आपका पर्चा. पढ़ने को तो उसमें कुछ रखा नहीं था.” रागाने नाही, माहिती दिल्यासारखं. “एक बात पूछूँ? मेरी मैना की पसली आपने देखी किधर?”

मी सांगितलं. कुंपण, ऊन, गज, सगळं. हिंदी माझी बरी आहे, पण त्या दिवशी वाक्यं पुरी होत नव्हती. वाटलं, आता हा माणूस ओरडेल. ओरडावं असंही वाटलं.

ते खराऱ्याचे दात अंगठ्याने चाचपत होते. “पाँच महीने से मैं यही सोच रहा था,” ते म्हणाले, “कि मुझे क्यों नहीं दिखी. रोज़ मालिश करता था, खरहरा करता था. हाथ को तो पता चल जाता है. मैंने सोचा, मेरा हाथ ही झूठा हो गया.”

मी आजवर पोलिसांच्या काठ्यांसमोर उभी राहिलेय. ह्या वाक्यासमोर उभं राहता आलं नाही. मी त्यांच्या शेजारी खाली बसले. नियम मीच लिहिला होता, म्हणून त्या दिवशी तो मीच मोडला. राखणदाराला म्हटलं, फाटक उघड. इद्रिसभाई आत गेले आणि त्यांनी जिभेने एक आवाज काढला. घोडी भिंतीकडून वळली.

ट्रकला सतरा दिवस होते.

दीप्तीदीने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, “ठीक आहे, चूक झाली. पुढच्या वेळी नीट बघ.”

“आणि घोडी?”

“घोडी शेतावर जाईल. सुखात राहील. तुला वाटतं डांबरावर सुखात होती?”

“नव्हती. पण ती खोट्या फोटोवर इथे आलीय.”

“मागणी खरी आहे ना?” तिने टेबलावर हात आपटला. “कबुली दिलीस की उद्या प्रत्येक जण म्हणेल, ह्यांचे सगळेच फोटो खोटे. सहा वर्षांचं काम आहे हे, तुझ्या एकटीचं नाही. विरोधकांच्या हातात काठी देऊ नकोस.”

“मागणी खरी असेल तर तिला माझ्या खोट्या बरगड्यांचा टेकू कशाला लागतो, दीदी?”

“तू चित्रकार झालीस,” ती म्हणाली. आमच्याकडे ही शिवी आहे.

मी घरी आले आणि पत्रक लिहिलं. तेच माप, तोच झालमुडीला चालणारा कागद, तोच मथळा. बरगड्या मोजा. खाली पूर्ण फोटो, पायांसकट. आणि मजकूर: ह्या बरगड्या नाहीत, कुंपणाच्या सावल्या आहेत. फोटो मी काढला, गडद मी केला, पाय मी कापले. घोडी धडधाकट होती. बग्ग्या बंद व्हाव्यात असं आम्हाला आजही वाटतं, पण ह्या माणसाने आपली घोडी उपाशी ठेवली नव्हती. खाली माझं नाव. सहा वर्षांत पत्रकावर माझं नाव पहिल्यांदा आलं.

रात्रीच्या जेवणाआधी आईला वाचून दाखवलं. ती पोळ्या लाटत होती. “अगं, पण लोक काय म्हणतील?”

बाबा पेपरमागून म्हणाले, “म्हणू दे. पहिल्यांदाच काहीतरी नोकरीसारखं केलंय तिने.”

संघटनेच्या समितीच्या बैठकीत मी ते पत्रक सगळ्यांपुढे ठेवलं. घोडी सोडा किंवा सोडू नका, हे शुक्रवारी बाबूघाटावर वाटलं जाणार, असं सांगितलं. कुणी धमकी म्हणालं. होतीच ती. आयुष्यभर दुसऱ्यांना दिल्या, एक घरच्यांना दिली. बाचाबाची पुष्कळ झाली. शेवटी डॉक्टरांना पुन्हा बोलावलं. त्यांनी आपली जुनी नोंद वाचली आणि म्हणाले, “मी तर तेव्हाच लिहिलं होतं.” पूजेच्या आठ दिवस आधी इद्रिसभाई मैनाला घेऊन गेले. दुपारच्या उन्हात जुंपणार नाही, असं त्यांनी लिहून दिलं. सही करताना म्हणाले, “पहले भी नहीं जोतता था.”

पत्रक मी शुक्रवारी वाटलंच. आजोबांनी लाल पेन काढलं, खालपर्यंत वाचलं आणि टोपण लावून परत ठेवलं. एकही चूक नाही म्हणाले. झालमुडीवाल्या काकांनी पुडे केले. पण खरं सांगते, पहिल्यासारखं ते चाललं नाही. थांबून मोजायला त्यात काही नव्हतं. पहिलं अजून फोनवर फिरतंय. मागच्या महिन्यात बाबांच्या बँकेतल्या जुन्या मित्रांच्या ग्रुपवर आलं, हात जोडलेल्या चित्रांसह. बाबांनी पूर्ण फोटो टाकला. कुणी उत्तर दिलं नाही. मी जन्मभर त्याच्या मागे धावत राहणार, हे मला कळून चुकलंय.

चित्र मात्र मी पुरं केलं. दीप्तीदी म्हणाली, “बरगड्या नसलेला घोडा आम्ही प्रदर्शनात कशाला लावू?” म्हटलं, नका लावू. वाकड्या बरगड्या खरवडताना रंग एवढा मुरला होता की पॅलेट नाईफचा आवाज खालच्या लेथला ऐकू गेला असेल. पांढरी घोडी पांढऱ्या रंगाने रंगवायची नसते, हे मी तेव्हा शिकले. तिच्या उन्हात पिवळी माती लागते आणि तिच्या सावलीत निळा आणि जांभळा. गजांच्या सावल्या तर सगळ्यांत सुंदर निघाल्या. त्या सरळ आहेत, पोटाच्या गोलाईवर किंचित झुकतात आणि पुढे निघून पायजम्यावर जातात.

शेवटचा हात फिरवायच्या आधी इद्रिसभाईंना हावड्याला बोलावलं. ते कारखान्याचा जिना चढून आले आणि टोपी काढून चित्रासमोर बराच वेळ उभे राहिले. दीप्तीदीचं एक खरं होतं. तैलचित्रासमोर माणूस उभा राहतो. मास्टरमोशायांनी त्यांना खुर्ची दिली, ती त्यांनी घेतली नाही.

“डोळ्यांवरची झापडं मी जरा पुढे घेतलीत का?” मी विचारलं. मला काहीतरी बोलायला हवं होतं.

“वो ठीक है.” ते वाकले. घोडीच्या डोळ्यात बघत राहिले. “ये मुझे नहीं देख रही. मेरा हाथ इसकी गर्दन पर है और ये आपको देख रही है. इसने आपको देख लिया था उस दिन. मुझे ख़बर नहीं हुई.”

मास्टरमोशाय मला बंगालीत म्हणाले, “डोळा झाला. आता हात लावू नकोस.”

चित्र आमच्या दिवाणखान्यात आहे. इद्रिसभाईंना देत होते, त्यांनी नको म्हटलं, खोलीत ओल आहे म्हणाले. येणारे पाहुणे घोडीचं कौतुक करतात आणि आई दर वेळी सांगते, “ते पट्टे सावलीचे आहेत हं, पायजमा स्वच्छ आहे त्यांचा.”

मी अजून पत्रकं लिहिते. दीप्तीदी पुन्हा बोलायला लागलीय, कामापुरतं. ह्या उन्हाळ्यात आम्ही जनावरांसाठी सावली आणि पाण्याची टाकी मागितली, आणि बग्गीवाल्यांना दुसरं काम. ते पत्रक घेऊन मी त्याच कुंपणापाशी उभी राहते. इद्रिसभाईंची गाडी तिथून हाकेच्या अंतरावर असते. मी त्यांची गाडी बंद करायला निघालेय, हे त्यांना माहीत आहे. मी कागद देते, ते घेतात, मजकुराकडे बघत नाहीत. फोटो उन्हात तिरका धरतात.

“दीदी, धूप किधर से है?”

मी सांगते. मग ते वाचायला लागतात.